मडूचे अरण्य आणि परतीची वाट

१४ जानेवारी २०१५ या दिवशी सकाळी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी गोव्याचे सुपुत्र जोसेफ वाझ यांना संतपद बहाल केले. आपल्याकडील ख्रिस्ती घरांत त्या सोहळ्याचे मोठे कौतुक झाले आणि ते स्वाभाविकच होते. १६५१ साली बाणावलीस जन्मलेला हा धर्मगुरू १६८७ साली मजुराच्या वेषात जाफन्याला उतरला. डच राजवटीने कॅथोलिक उपासनेवर बंदी घातलेली असताना विखुरलेल्या श्रद्धावंतांना त्याने पुन्हा एकत्र केले आणि १७११ साली कँडी येथे देह ठेवला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

परंतु त्याच दिवशी दुपारी परमगुरुस्वामी आणखी एका ठिकाणी गेले, त्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. उत्तरेकडील मन्नार जिल्ह्यात, दाट अरण्यात मडू येथे मातेचे तीर्थक्षेत्र आहे. तेथे त्यांची वाट पाहत बसलेल्या समुदायात तमिळ होते, सिंहली होते. युद्धात मुले गमावलेल्या आया होत्या, घरदार गमावलेली कुटुंबे होती. सकाळचा सोहळा एका संताचा होता; दुपारची भेट घर हरवलेल्या माणसांची होती. या दुसऱ्या भेटीमागे जो इतिहास उभा आहे, तो आम्ही या लेखात वाचकांपुढे मांडू इच्छितो. युद्धानंतर उखडलेली कुटुंबे घरी परततात म्हणजे नेमके काय होते, आणि त्यांना परतायला मदत करणाऱ्यांनी कशाचे भान ठेवले पाहिजे, हे समजून घेण्यास मडूइतके बोलके स्थळ आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

निर्वासितांनी वसवलेले तीर्थ

मडूचे तीर्थच मुळी विस्थापितांनी वसवलेले आहे. १६५८ साली मन्नार डचांच्या हाती गेले. परंपरा सांगते की, १६७० च्या सुमारास मांतई येथील वीस कॅथोलिक कुटुंबांनी आपल्या देवळातील मातेची मूर्ती उचलली आणि आश्रयासाठी रानाची वाट धरली. जाफन्याकडून निघालेले सुमारे सातशे श्रद्धावंतही पुढे त्यांना येऊन मिळाले. ज्या ठिकाणी ही माणसे स्थिरावली, तेच मडू. मांतईला परत जाण्याचा योग त्या मूर्तीला आला नाही. पळून आलेल्यांचा मुक्काम हेच तिचे घर झाले. पुढे सिंहली व तमिळ कॅथोलिकांबरोबर हिंदू आणि बौद्धही या मातेच्या दर्शनाला येऊ लागले.

इतिहास मात्र एकाच बाजूने वाचू नये. डचांच्या आधी त्या किनाऱ्यावर सत्ता होती ती पोर्तुगीजांची, म्हणजे आपल्याच धर्मबांधवांची. १६२६ साली त्यांनी किनाऱ्यावरील मुसलमानांना हुसकावून लावले, तेव्हा कँडीच्या बौद्ध राजा सेनरत याने त्यांना आश्रय देऊन पूर्वेकडील बट्टिकलोआच्या परिसरात वसवले. कालचा हुसकावणारा उद्याचा निर्वासित होतो, आणि आश्रय देणारा हात कोणत्या धर्माचा असेल हे आधी सांगता येत नाही. या एका बेटाचा इतिहास आपणांस एवढे तरी शिकवतो.

समुद्र ओलांडून आलेली माणसे

विसाव्या शतकाकडे वळू. जुलै १९८३ मध्ये कोलंबो व इतर शहरांत तमिळांविरुद्ध भीषण हिंसाचार झाला आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. तलैमन्नारपासून आपल्या धनुष्कोडीपर्यंतचे अंतर जेमतेम तीस किलोमीटर. लहान होड्यांतून माणसे रामेश्वरच्या किनाऱ्याला लागू लागली. १९८३ ते १९८७ या काळात सुमारे १ लाख ३४ हजार लोक तमिळनाडूत आले. मंडपम येथील छावणीत त्यांची नोंद होई आणि तेथून त्यांची पाठवणी राज्यभरच्या छावण्यांत होई.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. शांतता आली असे वाटून पंचवीस हजारांवर लोक परत गेले. ती शांतता टिकली नाही. भारतीय शांतिसेना मार्च १९९० मध्ये माघारी आली, जूनमध्ये पुन्हा युद्ध पेटले आणि होड्या पुन्हा सुटल्या. या दुसऱ्या लाटेत सुमारे १ लाख २२ हजार लोक आले. त्यांत १९८७ नंतर घरी परतलेली कुटुंबेही होती. एकदा परतून पुन्हा पळालेल्या माणसाला तिसऱ्यांदा घरी जा म्हणून सांगणे किती अवघड असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

राहण्याचे स्वातंत्र्य

१९९० च्या त्या उन्हाळ्यात सगळेच समुद्र ओलांडू शकले नाहीत. ज्यांच्यापाशी होडीचे पैसे नव्हते, ज्यांना आपली भूमी सोडवत नव्हती, अशी हजारो कुटुंबे तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या वीस कुटुंबांप्रमाणे मडूच्या अरण्यात आली. मन्नारच्या धर्मप्रांताने देवळाचे आवार त्यांना खुले करून दिले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाने मडू येथे आणि मन्नार बेटावरील पेसालै येथे ‘खुली मदत केंद्रे’ चालवण्याचे ठरवले. त्याची व्यवस्था साधी होती. केंद्रात शस्त्र आणायचे नाही, याला सरकारी सैन्य व बंडखोर वाघ या दोघांनीही अनौपचारिक मान्यता दिलेली. कुटुंबाने हवे तेव्हा यावे, हवे तेव्हा जावे. गावाकडे निवळले की शेताकडे फेरी मारावी. तोफांचा आवाज आला की पुन्हा आवारात शिरावे.

‘खुले’ हा शब्द येथे महत्त्वाचा. दार आतल्या बाजूनेही उघडे होते. या व्यवस्थेवर टीकाही झाली. माणसांनी भारताकडे जाऊ नये म्हणून तर ही केंद्रे उघडली नाहीत ना, असा प्रश्न विचारला गेला आणि तो अगदीच निराधार नव्हता. निर्वासितांना सीमेबाहेर ठेवण्यात अनेकांचे हित असते. तरीही मडूने एक गोष्ट दाखवून दिली. माणसाला आपल्या भूमीत राहण्याची मोकळीक हवी, आणि ती असह्य झाली तर सोडण्याचीही मोकळीक हवी. या दोन मोकळिका एकमेकींच्या वैरी नव्हेत. एक काढून घेतली की दुसरीचा अर्थच जातो.

स्वेच्छेची सही

याच्या उलट घडले ते पलीकडच्या किनाऱ्यावर, आपल्या देशात. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली. त्या नीच कृत्याने देश हळहळला. पण त्याचा राग छावण्यांतील निरपराध कुटुंबांवर निघाला. स्वयंसेवी संस्थांना छावण्यांत जाण्यास मनाई झाली, मुलांच्या शिक्षणाच्या सवलतींवर गदा आली. जानेवारी १९९२ मध्ये निर्वासितांना परत पाठवण्याचे काम सुरू झाले. हे परतणे स्वेच्छेचे आहे, असे सांगण्यात आले. प्रत्येक कुटुंबप्रमुखाची तशी सही घेतली जात होती.

ही सही कशी घेतली गेली, हे मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी त्या वेळी नोंदवून ठेवले आहे. अनेक ठिकाणी अर्ज इंग्रजीत होते. सही करणाऱ्यास इंग्रजी वाचता येत नव्हते. नाही म्हटले तर शिधा आणि महिन्याची रोख मदत बंद होईल, अशी धास्ती होती. घराकडे काय परिस्थिती आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. ओरड झाली, आणि जुलै १९९२ मध्ये भारत सरकारने उच्चायुक्त कार्यालयाशी करार केला. त्यानुसार त्या कार्यालयाच्या मोजक्या प्रतिनिधींना मद्रासमध्ये राहून निघणाऱ्या कुटुंबांशी बोलण्याची परवानगी मिळाली. छावण्यांत मुक्तपणे फिरण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती. १९९२ ते १९९५ या काळात सुमारे ५४ हजार लोक परत गेले. त्यांत मनापासून गेलेलेही होते. कोण मनापासून गेला आणि कोण धास्तीने, हे कागदावरून ओळखता येत नाही. सही सगळ्यांची सारखीच दिसते.

येथे नियम काय सांगतो तेही पाहू. निर्वासितांच्या स्वेच्छेने होणाऱ्या परतीला साहाय्य करणे हे काम उच्चायुक्त कार्यालयाच्या १९५० सालच्या सनदेतच नेमून दिलेले आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने, जेथे जिवाला धोका आहे तेथे कोणास बळाने परत पाठवू नये असे बंधन घातले. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण आश्रय देण्याची आपली रीत त्याहून जुनी आहे, हेही तितकेच खरे. १९८५ साली उच्चायुक्त कार्यालयाच्या कार्यकारी समितीने ठरावच केला की, परतणे हे माणसाच्या स्वतंत्र इच्छेनेच झाले पाहिजे, आणि ते सुरक्षितपणे झाले पाहिजे. शब्द उत्तम आहेत. प्रश्न इतकाच की, इच्छा स्वतंत्र आहे हे ओळखायचे कसे?

आमच्या मते त्याची कसोटी एकच आहे. ज्याला न परतण्याची मोकळीक आहे, त्याचेच परतणे स्वेच्छेचे. नाही म्हटल्यावर ज्याचा शिधा तुटतो, ज्याच्या मुलाची शाळा सुटते, त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

योसेफाने केलेली चौकशी

मत्तयलिखित शुभवर्तमानातील एक प्रसंग या संदर्भात आठवतो. हेरोदाच्या भीतीने योसेफ बालकाला व मरियेला घेऊन मिसर देशात गेला, हे आपण दर नाताळात ऐकतो. परतीचा प्रसंग तितक्या लक्षपूर्वक ऐकत नाही. हेरोद मेला असे देवदूताने कळवले तेव्हा योसेफ निघाला. पण यहुदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करीत असल्याचे कानी येताच तो तेथे जायला भ्याला आणि गालीलात नासरेथला जाऊन राहिला. देवदूताचा निरोप मिळाला असतानाही या कुटुंबप्रमुखाने वाटेत चौकशी केली, आपल्या भीतीचा मान राखला आणि स्वतः ठिकाण निवडले. त्याच्या श्रद्धेत काही उणे होते, असे शुभवर्तमान म्हणत नाही. निर्वासित कुटुंबाच्या निर्णयशक्तीचा याहून मोठा गौरव आम्हांस ठाऊक नाही.

१९९२ नंतर तलैमन्नारला उतरलेल्या अनेकांना असे ठिकाण निवडता आले नाही. गाव युद्धाच्या टापूत असल्याने त्यांना मन्नार, वावुनिया आणि त्रिंकोमालीच्या हंगामी छावण्यांत ठेवण्यात आले. एका देशातील छावणी सुटली आणि दुसऱ्या देशातील छावणी मिळाली. एप्रिल १९९५ मध्ये युद्ध पुन्हा भडकले आणि परत पाठवण्याचे ते पर्व संपले. पुढच्याच वर्षापासून धनुष्कोडीच्या वाळूवर पुन्हा होड्या लागू लागल्या.

मूर्तीचे दुसरे स्थलांतर

मडूलाही अभय राहिले नाही. १९९९ साली हा परिसर आधी सैन्याच्या व मग वाघांच्या ताब्यात गेला, आणि २० नोव्हेंबरला देवळाच्या आवारात तोफगोळे पडून आश्रयाला आलेली चाळीसच्या आसपास माणसे ठार झाली. एप्रिल २००८ मध्ये रणांगण पुन्हा देवळाच्या उंबऱ्याशी आले, तेव्हा धर्मगुरूंनी मातेची मूर्ती उचलली आणि उत्तरेकडे तेवनपिट्टी येथे नेली. मन्नारचे महागुरू रायप्पू जोसेफ यांनी त्या काळात मूर्तीची आणि माणसांचीही चिंता वाहिली. ऑगस्टमध्ये मूर्ती मडूला परत आली. भोवतालची गावे मात्र रिकामीच होती.

१९ मे २००९ रोजी युद्ध संपल्याचे जाहीर झाले. वन्नी प्रदेशातून बाहेर आलेल्या सुमारे २ लाख ८० हजार लोकांना छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांत सर्वांत मोठी छावणी वावुनियाजवळची मॅनिक फार्म. तिला काटेरी तारेचे कुंपण होते आणि पहिले काही महिने बाहेर जाण्यास बंदी होती. मडूच्या केंद्राचे दार आतून उघडे होते असे आम्ही वर म्हटले. येथे ते बंद होते. डिसेंबर २००९ पासून ये-जा सैल झाली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये छावणी बंद झाली. शेवटी बाहेर पडलेल्यांत मुल्लैतिवू जिल्ह्यातील केप्पापुलवू गावची कुटुंबे होती. त्यांच्या जमिनीवर सैन्याचा तळ होता. त्यांना गावी न नेता जवळच्या दुसऱ्याच जागी उतरवण्यात आले. छावणी रिकामी झाली आणि तिच्यातली माणसे नोंदवहीत ‘पुनर्वसित’ ठरली. त्यांचे घर मात्र कुंपणापलीकडे दिसत राहिले.

घर म्हणजे काय काय

परतणाऱ्या कुटुंबाला मदत करणे म्हणजे बोटीचे तिकीट काढून देणे, असा समज असतो. प्रत्यक्षात ते काम लहानलहान गोष्टींचे आणि चिवटपणाचे असते.

पहिली गोष्ट सुरुंगांची. शेतात, विहिरीभोवती, ताडाच्या राईत पेरलेले सुरुंग काढल्यावाचून कोणीही पाय ठेवू शकत नाही. उत्तर श्रीलंकेत हे काम हाताने, वीत वीत जमीन तपासून करावे लागले, आणि त्यात युद्धात विधवा झालेल्या कितीतरी स्त्रिया पुढे आल्या.

दुसरी गोष्ट कागदांची. तमिळनाडूच्या छावणीत जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला चेन्नईतील श्रीलंकेच्या वकिलातीत नोंदवला नाही, तर परतल्यावर ते मूल आपल्याच देशात परके ठरते. चंद्रहासन यांनी १९८४ साली उभ्या केलेल्या ईलम निर्वासितांच्या पुनर्वसन संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, जे स्वतःही निर्वासितच होते, हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे केले. हे दाखले गोळा करणाऱ्यांचे नाव इतिहासात सहसा येत नाही; यायला हवे.

तिसरी गोष्ट सामानाची. युद्धानंतर उच्चायुक्त कार्यालय परतणाऱ्यांना विमानाचे तिकीट आणि थोडी रोख मदत देई. पण विमानात किती ओझे नेणार? वीस-पंचवीस वर्षांच्या छावणीतल्या संसाराची भांडी, शिवणयंत्र, सायकल मागे टाकणे जिवावर येई. ऑक्टोबर २०११ मध्ये तुतिकोरीन ते कोलंबो अशी प्रवासी बोट सुरू होती, तेव्हा काही कुटुंबे तिने गेली, कारण तिच्यात अधिक सामान नेता येत होते. दुर्दैवाने ती बोट लवकरच बंद पडली.

चौथी आणि सर्वांत कठीण गोष्ट जमिनीची. श्रीलंकेच्या कायद्यात दहा वर्षांच्या निर्वेध वहिवाटीने मालकी सिद्ध होऊ शकते. मालक छावणीत आणि जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, अशी वीस वर्षे गेल्यावर न्याय कोणी द्यावा? २०१६ साली तेथील संसदेने खास कायदा केला. १ मे १९८३ ते १८ मे २००९ या काळात हिंसाचारामुळे जे आपल्या जमिनीपासून दूर राहिले, त्यांच्याविरुद्ध तो काळ वहिवाटीत धरू नये, असे ठरले. आमच्या दृष्टीने कोणत्याही समारंभापेक्षा हा लहानसा कायदा मोठा आहे. ‘तू गेलास तो मर्जीने गेला नाहीस’, हे त्यात राज्याने मान्य केले.

पण जेथे कबजा सैन्याचाच आहे, तेथे कायदाही थिटा पडतो. मन्नार जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे मुल्लिकुलम हे कॅथोलिक कोळी-शेतकऱ्यांचे गाव २००७ साली रिकामे करवण्यात आले आणि तेथे नौदलाचा तळ उभा राहिला. २०१२ पासून गावकरी जवळच मलंकाडूच्या रानात झोपड्या घालून राहू लागले. मार्च २०१७ मध्ये त्यांनी गावाच्या वाटेवरच ठिय्या दिला. त्यांचे धर्मगुरू त्यांच्यासोबत होते. महिनाभरानंतर, एप्रिलअखेर, नौदलाने शंभर एकर जमीन सोडण्याचे मान्य केले. ती सगळी जमीन नव्हती. पण जी मिळाली ती कोणी दया म्हणून दिलेली नव्हती.

दुसऱ्याचेही घर

या इतिहासातील आणखी एक पान वगळले तर लेख अपुरा आणि अप्रामाणिक होईल. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तर प्रांतातील यच्चयावत मुसलमानांना घालवून दिले. जाफना शहरात त्यांना तयारीसाठी दोन तासच मिळाले. सत्तर-पंचाहत्तर हजार माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि बहुतेक पुत्तलमच्या छावण्यांत विसावली. २००९ नंतर तीही परतू लागली. गेली तेव्हा एक कुटुंब होते, परतताना त्याची तीन झाली होती. तितक्या घरांना जागा कोठली? रिकाम्या जमिनीवर या काळात रान वाढले होते, काही ठिकाणी दुसरे विस्थापित राहत होते. मन्नारच्या टापूत तमिळ ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

अशा वेळी ख्रिस्तसभेची परीक्षा असते. आपल्या माणसांसाठी ठिय्या देणे कठीण असले, तरी समजण्याजोगे आहे. आपल्या शेजाऱ्याच्या परतीसाठी आपल्या अंगणातली जागा मोकळी करणे त्याहून कठीण आहे. कँडीच्या बौद्ध राजाने ते १६२६ साली केले होते. परतीचा हक्क एकट्या आपल्या धर्माचा नसतो, हे ज्या गावाने ओळखले, त्याच गावात युद्ध खऱ्या अर्थाने संपले असे म्हणता येईल.

न परतणाऱ्यांविषयी

आजही तमिळनाडूतील शंभरावर छावण्यांत पन्नास हजारांहून अधिक माणसे राहतात. त्यांतील कितीतरी जणांचा जन्म छावणीतच झाला. श्रीलंका त्यांनी आजीच्या गोष्टींतच पाहिली. काहींचे पूर्वज इंग्रजी अमदानीत तमिळनाडूतूनच तेथील चहामळ्यांवर गेले होते. त्यांना ‘घरी जा’ म्हणावे, तर घर कोणत्या किनाऱ्यावर? काहींना परतायचे आहे, काहींना येथेच नागरिक म्हणून जगायचे आहे. दोघांच्याही इच्छेला आम्ही सारखाच मान देतो. मांतईहून निघालेली मूर्तीही परतली नव्हती. म्हणून तिची भक्ती उणी झाली नाही.

परतलेल्यांच्या आकड्यांवरून यश मोजण्याची सवय सरकारांना असते, संस्थांना असते, आणि कधीकधी आपल्यालाही असते. जो मदत करू इच्छितो त्याने आकडा बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. या कुटुंबाला खरी माहिती त्याच्या भाषेत मिळाली का? त्याच्या जमिनीवर आज कोण आहे? आणि त्याने ‘नाही’ म्हटले, तर उद्या सकाळी त्याच्या चुलीवर भात शिजेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तरच सहीचा कागद पुढे करावा.